नव्याआधीची भाकर

दुकानातल्या पिठाची भाकर थापताना चिरते, आणि चिरलेली भाकर लाडकीच्या हॉटेलात मिळत नाही, हे कासाच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण यंदा दिवाळी उलटून गेली तरी तिथे चिरलेल्याच भाकरी मिळत होत्या, आणि गिऱ्हाइकांचा धीर सुटत चालला होता.

हॉटेल म्हणजे चार बांबू, त्यावर निळी ताडपत्री, एक चूल आणि चुलीसमोर दोन बाकडी. बाकड्यांवर गिऱ्हाइकांनी बसायचं. घरच्यांनी तिथे टेकायचंसुद्धा नाही, हा लाडकीचा पहिल्या बाजारापासूनचा कायदा होता. घरचा माणूस चुलीमागे जमिनीवर बसे, गिऱ्हाइकांचं झाल्यावर उरलंसुरलं खाई आणि आपलं ताट आपण धुई. तिचा नवरा धाकल्या हयात असताना एकदा गुडघे दुखतात म्हणून बाकड्यावर बसला, तर तिने पुढ्यात पाण्याचा पेला आपटून विचारलं होतं, "काय देऊ, शेठ?" त्यानंतर मरेपर्यंत तो बिचारा जमिनीवरच बसला.

आता तव्याशी नातसून होती, प्राजक्ता. पोर मसोलीची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. माहेरी तांदूळ दुकानातून यायचा, पण तिचा हात असा काही बसलेला की लाडकीने लग्नानंतर लगेचच तवा तिच्या हवाली केला. सासूला, म्हणजे निर्मलाला, ते फारसं रुचलं नव्हतं. पण लाडकीपुढे बोलणार कोण?

"वैनी, ही भाकर हाय का पापड?" मागच्या बाजाराला उमेशने भाकरीचा तुकडा उन्हात धरून विचारलं होतं. उमेशची जीप कासा ते तलासरी धावायची, आणि तो जेवल्याशिवाय सुटायची नाही. "पॅसेंजर आत बसून मला शिव्या घालतात. तरी मी इथं येतो. कशासाठी? या पापडासाठी?"

"मला विचार," शेजारून काकड्या म्हणाला. काकड्याला दात नव्हते, त्याला भाकर उडदाच्या आमटीत भिजवून लागे. "आमटीत टाकली का हिचा भुगा होतो. मग बसा शोधत."

रुग्णालयातल्या दक्षा सिस्टर घरी गुजराती बोलायच्या आणि बाजारात सगळ्या भाषांची खिचडी. त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवून प्राजक्ताकडे बघितलं होतं. "तारी तब्येत सारी छे ने, बेटा? नाही, भाकरीवरून विचारते."

सगळे हसले होते. प्राजक्ताही हसली होती, पण त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. माणसं अर्धी भाकर टाकून उठतात आणि वर आपलीच तब्येत विचारतात, हे तिला भाकर टाकण्यापेक्षा जास्त लागलं.

बरं, जुना तांदूळ संपला होता, पण घरात तांदूळच नव्हता असं नाही. नव्या भाताने कणगी गळ्यापर्यंत भरली होती. पण त्यातला दाणा तोंडात टाकायची चोरी होती, कारण घरचं नवं झालं नव्हतं. नवा दाणा आधी कणसरीला, धान्याच्या देवीला, मग पितरांना, मग थोरल्यांना आणि मग बाकी घराला. त्याआधी कुणी शीतभरही खायचं नाही. गावातल्या सगळ्या घरांची नवी कधीच होऊन गेली होती. एकट्या लाडकीच्या घरचं अडलं होतं. नव्याचा भात रांधायचा मान लाडकीचा, आणि तिने यंदा साफ सांगून टाकलं होतं, "माझे दोनी पोर पानावर बसले तर रांधीन. नायतर देव न् मी, दोघंबी उपाशी."

दोन पोर म्हणजे थोरला चैत्या, निर्मलाचा नवरा, आणि धाकटा सुकऱ्या. दोन वर्षांपूर्वी नव्याच्याच पंगतीत चैत्याची जीभ घसरली होती. सुकऱ्याने वाटणीला आलेल्या खाचरांत भाताऐवजी मोगरा लावला, हे चैत्याच्या पोटात सलत होतंच. ते भाऊबंदांसमोर बाहेर पडलं. "ज्याच्या शेतात भाताचं कणीस नाय," तो म्हणाला, "त्यानं नव्याला कशाला यायचं?" सुकऱ्या भरल्या पानावरून उठला, आणि उठला तो उठलाच.

उठला खरा, पण आईच्या हातची भाकर काही त्याला सुटली नाही. दर बाजाराला कळ्या व्यापाऱ्याकडे टाकून झाल्या की तो हॉटेलात यायचा. चुलीमागे नाही, बाकड्यावर, कडेच्या टोकाला. चार लोकांसारखं जेवायचा, चार लोकांसारखे पैसे द्यायचा आणि आईशी पावसापाण्याचं बोलून निघून जायचा. चैत्या सकाळीच लाकडं आणि डबे मोटारसायकलवरून उतरवून परत फिरलेला असे. दोघा भावांनी एकमेकांच्या वेळा अशा पाठ केल्या होत्या की दोन वर्षांत चुकूनही गाठ पडली नाही. एवढी काळजी नवी लग्नं झालेलीसुद्धा एकमेकांची घेत नाहीत.

बाकड्याचं ते टोक उमेश नेहमी रिकामं ठेवायचा. कितीही गर्दी असो, कुणी सरकायला लागला की म्हणायचा, "तिथं नको. ती काकांची जागा."

त्या दिवशी लाडकी सुकट आणायला गेली होती. वरोरच्या बायका टोपल्या घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसत, आणि लाडकी गेली की लवकर परत येत नसे. सुकट नाकाला लावून बघायची, ती बाई नवी सून कशी आहे ते सांगणार, ही आपली कशी आहे ते सांगणार, मग भाव. प्राजक्ताने तेवढ्यात लाकडांमागे सरकवून ठेवलेला पत्र्याचा डबा ओढला.

डबा निर्मलाचा होता. म्हातारी आज ना उद्या विरघळेल, या आशेवर तिने नव्यासाठी थोडे तांदूळ दळून आणून फडताळात ठेवले होते. प्राजक्ताने तो डबा सकाळी इतर डब्यांबरोबर बांधला होता आणि सासऱ्याने न बघता आणून टाकला होता. तिने विचार केला नव्हता असं कुणी म्हणू नये. रात्रभर केला होता. घरातल्या कुणी खायचं नाही, असं तिला सांगितलेलं होतं. मग आपण कुठे खातोय? गिऱ्हाईक काही घरचं नसतं.

उकळत्या पाण्यात पीठ पडलं आणि तिच्या हातालाच आधी कळलं. मऊ, चिकट, म्हणाल तिकडे सरकणारं. भाकर तव्यावर पडली, टम्म फुगली. एवढीशी चीर नाही.

उमेशने पहिला घास घेतला आणि गप्प बसला. उमेश गप्प बसलेला कासाच्या बाजारात कुणी पाहिला नव्हता, म्हणून दोघंतिघं वळून बघायला लागले. मग तो उभा राहिला आणि जीपकडे तोंड करून ओरडला, "उतरा रे खाली! लाडकीआजीचं नवं आलं!"

पॅसेंजर खरंच उतरले. पलीकडचा टोपल्या विकणारा आला, रुग्णालयात जेवणाची सुट्टी झाली तशा दक्षा सिस्टर आल्या. काकड्याने आमटीची वाटी बाजूला सारली आणि कोरडा तुकडाच हिरड्यांनी चघळत बसला. "झालं का बाय तुमचं नवं?" त्याने विचारलं. "बरं झालं. घर मोकळं झालं."

प्राजक्ताने ते ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तिचं तिलाच ठाऊक. एक भाकर तव्यावर, एक हातावर, आणि समोर माणसं पोटभर जेवत होती. ती सुखात होती. त्या सुखात सुकऱ्या कधी आला, बाकड्याच्या टोकाला कधी बसला आणि तिच्या हाताने त्याच्यापुढे ताट कधी गेलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तो मिथुनचा, तिच्या नवऱ्याचा, सख्खा काका आहे हे तिला माहीत होतं. पण तो लग्नालाही आला नव्हता, आणि या घरात आल्यापासून तिने त्याला फक्त बाकड्यावरच बघितलं होतं.

*

सुकऱ्याच्या बोटांना मोगऱ्याचा वास होता, तो जेवताना नेहमी यायचा. त्याने सवयीने तुकडा मोडला, सुकटाच्या चटणीला लावला आणि तोंडात टाकला.

दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागला असता. पण पोरवयात ज्या खाचराच्या बांधावर बसून त्याने पाखरं हाकली होती, त्याच खाचराचा तांदूळ होता हा. तेव्हा नव्याच्या पंगतीत दोघा भावांना मिळून एकच पान असायचं. चैत्या मोठा, म्हणून मोठा ढीग त्याचा, आणि बापाचं लक्ष नसलं की तो त्यातला अर्धा बोटाने सुकऱ्याकडे लोटायचा.

म्हणजे नवं झालं. आपल्याला बोलावलंसुद्धा नाही.

मागच्या नव्याला तो गेला नव्हता हे खरं. पण निरोप आला होता. मिथुन दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, उद्या नवं हाय." आणि हा म्हणाला होता, "बघू." न जाणं निराळं आणि न बोलावणं निराळं, हे त्याला आज घास तोंडात असताना समजलं.

"कधी झालं?" त्याने विचारलं.

"काय, काका?"

"नवं. कधी केलंत?"

"अजून कुठे झालंय?" प्राजक्ता तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. "आजी रांधायलाच तयार नाही. ती बोलते, तुम्ही दोघं..."

आणि ती थांबली. तिने पहिल्यांदाच नीट बघितलं. बाकडं, बाकड्यावरचं ताट, ताटातली मोडलेली भाकर आणि जेवणारा माणूस. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिचा हात हलला नाही.

सुकऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली ही की नवं झालेलं नाही, आपल्याला कुणी टाकलेलं नाही, म्हातारी अजून अडून बसली आहे, आणि तीही आपल्यासाठी. त्याचे डोळे भरून आले. दुसरी ही की कणसरीच्या आधी, पितरांच्या आधी, थोरल्या भावाच्या आधी आपण जेवलो आहोत आणि घास अजून तोंडात आहे. थुंकता येत नव्हता, अन्न होतं. गिळवत नव्हता. शेवटी गिळला.

*

लाडकीला वास भांडीवाल्याच्या दुकानापाशीच आला. सुकटाची पिशवी काखेत घट्ट धरून ती तरातरा चालायला लागली. या वयात बाई अशी चालताना बघून लोक बाजूला झाले. हॉटेलाशी आली, डब्यात बघितलं, प्राजक्ताकडे बघितलं आणि मग बाकड्याच्या टोकाकडे.

"किती खाल्लास?"

"अर्धी," सुकऱ्या म्हणाला.

"अर्धी खा नायतर एक घास खा. खाल्लं ते खाल्लं." ती मटकन चुलीशी बसली.

"म्हणजे?" काकड्याचा हात तोंडाशीच थांबला. "नवं झालं नाय?" त्याने हातातल्या तुकड्याकडे बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि तो तुकडा तोंडात टाकला. "मी बाहेरचा. मला दोष नाय."

"आजी, मला वाटलं गिऱ्हाइकांना चालेल," प्राजक्ता म्हणाली. "घरच्यांनी नाही खायचं ना? मी खाल्लं नाही, शप्पथ. काका पण... काका तिकडे बसतात ना, म्हणून माझ्या लक्षातच..." तिला रडू फुटलं. दक्षा सिस्टर उठून चुलीमागे गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "रडू नको, दीकरा. एवढी भारी भाकर करून रडतं का कोणी?"

लाडकी मात्र नातसुनेला रागावली नाही. पोर म्हणत होती ते खरंच होतं. सुकऱ्या तिकडेच बसायचा. तिकडे बसतो म्हणून दोन वर्षं आपणच त्याला गिऱ्हाइकासारखं वाढत आलो, पैसे देतो तर गपचूप घेत आलो. एकदा तरी त्याला पाण्याचा पेला आपटून विचारायचं होतं, काय देऊ, शेठ? धाकल्यावर चालवलेली जीभ पोरावर का चालवली नाही? भीती वाटली. तो बाकड्यावरूनही उठला असता तर?

तेवढ्यात मोटारसायकल आली. डबा फडताळात नाही हे निर्मलाला कळायला आणि तिने नवऱ्याला शेतातून ओढून आणायला सकाळ पुरली होती. गाडी थांबायच्या आधीच ती उतरली.

"माझा डबा कुठं हाय?" तिने विचारलं. मग उघडं झाकण दिसलं. "देवाचं पीठ! प्राजक्ता, तुला अक्कल हाय का? देवाचं पीठ बाजारात विकलंस?"

चैत्या मागून आला. त्याने डबा बघितला नाही. त्याने आधी बाकड्याचं टोक बघितलं.

*

सुकऱ्या वाळला होता. कानाजवळ पांढरं दिसायला लागलं होतं, आणि चैत्याच्या मनात आलं, अरे, हा तर धाकटा, ह्याचे केस आधी कसे पिकले? मोगऱ्याचा वास येत होता. दोन वर्षं त्याने त्या वासाला शिव्या घातल्या होत्या, खालच्या पाड्यावरून वारा आला की खिडकी लावून घेतली होती.

"त्यानं खाल्लं?" त्याने आईला विचारलं.

"अर्धी."

चैत्या भीतभीत बोलणारा माणूस नव्हता, पण आता त्याला भीती वाटली. घरातलं देवाधर्माचं सगळं तो बघायचा. बाप सांगून गेला होता की नव्याआधी घरच्याने खाल्लं तर ज्याने खाल्लं त्याला लागतं. काय लागतं, हे बापाने कधी सांगितलं नाही, आणि त्यामुळेच ते जास्त भारी वाटे. त्याला भावाचं काही वाईट व्हायला नको होतं. इतक्या वर्षांत हे त्याला एकदाही तोंडाने सांगता आलं नाही, आणि आताही आलं नाही. तो सुनेवर घसरला.

"कुणाला विचारून डबा उघडलास?"

"तिला बोलू नका," निर्मला एकदम म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आत्ताच तर तिने स्वतः सुनेची अक्कल काढली होती.

"मी बोलीन. मी सासू हाय. तुम्ही नाय बोलायचं." निर्मला नवऱ्याच्या आणि सुनेच्या मधे उभी राहिली. "वर्स झालं तिला घरात येऊन. काका कोण, काकांचं घर कुठं, कुणी दाखवलं तिला? कधी नेली तिला त्यांच्या दारात? तिनं जिथं बघितलं तिथं वाढलं. तिची काय चूक?"

प्राजक्ताने रडायचं थांबवून सासूकडे बघितलं. तिला हे अगदीच नवीन होतं.

चैत्याने सुनेवरची नजर काढली. बायकोशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ती खरं बोलत होती. बाकड्यावरची माणसं जेवायची थांबली होती. उमेशच्या जीपमधून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि उमेशने न बघताच हाताने 'गप' अशी खूण केली.

मग चैत्याला वाट सापडली. सोपी वाट होती, आधी कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं.

"दोष नाय," तो घसा खाकरून म्हणाला. "काकड्या, तू सांग. बाहेरच्यानं खाल्लं तर दोष हाय?"

"नाय," काकड्या म्हणाला. त्याचा स्वतःचा जीव त्यात अडकला होता.

"मग झालं तर. हा बाकड्यावर बसलाय. पैसे देऊन खातो. गिऱ्हाईक हाय." त्याने हे सगळं आईकडे बघून सांगितलं, भावाकडे नाही. "गिऱ्हाइकाला कसला दोष?"

भावाला वाचवलं, असंच त्याला वाटत होतं. पण निर्मलाने कपाळाला हात लावला. लाडकीने डोळे मिटले.

सुकऱ्याने ताटाकडे बघितलं. खरंच सोपं होतं. पैसे ठेवायचे आणि उठायचं. मागे दोष नाही, पुढे काही नाही. पुढच्या बाजाराला यायचं, बाकड्यावर बसायचं.

तो उठला. उरलेली अर्धी भाकर त्याने आईच्या हातात दिली. मग ताट उचललं आणि बाकड्याला वळसा घालून चुलीमागे गेला. तिथे पाण्याच्या पिंपाशी राखेची वाटी असायची. त्याने उकिडवं बसून राख घेतली आणि ताट घासायला लागला. घाई न करता, आधी आतून, मग कडा, मग मागून. पिंपातलं पाणी घेऊन विसळलं आणि घरच्या ताटांच्या चळतीवर पालथं घातलं.

"आय," तो म्हणाला, "गिऱ्हाईक ताट धुतं का?"

"नाय, बाबा," लाडकी म्हणाली.

"मग लागू दे दोष. मी घरचा हाय." आणि तो तिथेच जमिनीवर बसला.

लाडकी रडली. लपवून नाही, पदर बिदर न लावता, बाजारात सगळ्यांसमोर रडली. मग नाक पुसलं आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"दोषाला उतारा हाय," ती म्हणाली. "ज्यानं आधी खाल्लं, त्यानंच नव्याच्या दिवशी कणसरीला आपल्या हातानं वाढायचं. त्यानं वाढल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाय. असा नेम हाय."

काकड्याने मान हलवली. "असा नेम मी नाय ऐकला कधी."

"तुझे दात गेले, आता कानबी गेले."

"कान शाबूत हायेत माझे. सगळ्या गावची नवी खाल्ली मी. देवाला थोरला वाढतो. असा नेम कुठंच नाय."

आता सगळे चैत्याकडे बघायला लागले. नेमाचं त्यालाच ठाऊक. देवाला वाढायचा मान थोरल्याचा, त्याचा, बापाने मरताना त्याच्या हाती दिलेला. आई काय करते आहे हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. तिने आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडला होता, तोही भर बाजारात, आणि मोडलेला तुकडा त्याच्या हातात आणून दिला होता.

तो काकड्याकडे वळला.

"हाय," तो म्हणाला. "असाच नेम हाय. बाबा सांगायचा."

चुलीमागे सुकऱ्याने मान वर केली. बाप त्याचाही होता. बापाने असलं काही कधीच सांगितलं नव्हतं, हे या बाजारात दोनच माणसांना नक्की माहीत होतं, आणि ती दोघं आता एकमेकांकडे बघत होती.

"परवा करू," चैत्या म्हणाला. "सकाळी ये. लवकर ये."

"माझ्याकडं भात नाय," सुकऱ्या म्हणाला. त्यात टोचणी होती, पण थोडीच.

चैत्याने पायातल्या चपलेने मातीत रेघ ओढली, पुसली, परत ओढली. "मोगरा हाय ना?"

"थंडी पडली का कळी कमी येते."

"देवापुरती तर येल." आणि मग, जे बोलायला त्याला दोन वर्षं लागली, ते तो चुलीतल्या लाकडाकडे बघून बोलला. "मी तेव्हा बोललो ते चुकलं माझं. तू आला नाय तर घास उतरत नाय मला. पुतळीला घेऊन ये, पोरांना घेऊन ये. सगळे या."

"पुतळी विचारल, कुणी बोलावलं?" सुकऱ्याने बायकोची ढाल पुढे केली.

"सांग, दादानं बोलावलं."

निर्मलाने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा सुनेच्या मांडीवर ठेवला. "हा तू सांभाळ," ती म्हणाली. "परवा भाकरी तूच थापायच्या. माझ्याकडून चिरतात." हे शेवटचं तिने जरा हळू सांगितलं, पण लाडकीने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"अरे, पण माझी भाकर?" दक्षा सिस्टर म्हणाल्या. "मला तर अर्धीच मिळाली."

"परवा नवं," लाडकी म्हणाली. "मग पुढच्या बाजाराला या सगळे. पोट फुटस्तोवर वाढते. आज हॉटेल बंद."

माणसं हळूहळू उठली. काकड्या जाताना पुटपुटत होता, असा नेम काही मी ऐकला नाही बाबा, पण उद्या माझ्या पोरांना सांगून ठेवीन. चैत्याने बायकोला विचारलं की आता थांबायचं ना, आणि उत्तराची वाट न बघता चुलीमागे गेला. तिथे जागा फार नव्हती. सुकऱ्या थोडा सरकला.

उमेश जीपपर्यंत जाऊन परत आला. पॅसेंजरना त्याने काय सांगितलं कोण जाणे, त्यांच्या शिव्या इथपर्यंत ऐकू येत होत्या. त्याला पाणी प्यायचं होतं. पेला घेऊन तो बाकड्याशी आला आणि थबकला. कडेचं टोक तेवढं नेहमीसारखं मोकळं होतं, पण ताट नव्हतं, माणूस नव्हता.

"काका," त्याने ताडपत्रीखालून आवाज दिला, "इथं बसू का? तुमची जागा हाय ना ही?"

चुलीमागून सुकऱ्याचा आवाज आला.

"बस की. ती गिऱ्हाइकाची जागा हाय."